कान्हेरीचें तांबें आणि मुलुंडचें लोखंड

मुंबई पाहावयास येणारा पाहुणा राणीची बाग, चौपाटी आणि महालक्ष्मी एवढें पाहून संतुष्ट होतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं नांवें त्याच्या कानांवर पडतात तीं केवळ आगगाडीच्या स्टेशनांचीं म्हणून. तेथें मुद्दाम जाऊन पाहण्याजोगें कांहीं असेल, ही कल्पनाहि त्यास शिवत नाहीं. आमचेंहि मत फारसें निराळें नव्हतें. परंतु गेल्या आश्विनांत आम्ही घरची मंडळी एक दिवसभर या बाजूस फिरलों, आणि हें साष्टी बेट म्हणजे धातूंचा स्वभाव पाहावयाचें एक उघडें दालन आहे असें आम्हांस वाटूं लागलें. मंडळींत वहिनी होत्या, रसायनशास्त्र शिकणारे दोघे पुतणे होते आणि फराळाचा डबाहि होता. त्यामुळें ज्ञान व पोट या दोहोंची सोय उत्तम झाली.

पहिला पाठ स्टेशनाच्या फलाटावरच मिळतो. या मार्गावर कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ रोजीं धावूं लागली, आणि आज तर दर तीनचार मिनिटांस एक गाडी येथून जाते. ज्या रुळांवरून ती जाते त्यांचा माथा आरशासारखा लखलखीत असतो. त्याच रुळांची कूस मात्र तांबूस दिसते. आणि बाजूला टाकून ठेवलेले जादा रूळ पाहावेत तर ते नखशिखांत गंजलेले. लोखंड तेंच, हवा तीच, पाऊस तोच. भेद इतकाच कीं, चाकाच्या घासण्यामुळें माथ्यावर गंजास बसावयाला सवड मिळत नाहीं.

गंज म्हणजे काय, हें एका वाक्यांत सांगतां येईल: लोखंडाचें माहेरीं परत जाणें. निसर्गांत लोखंड मोकळें असें जवळजवळ सांपडतच नाहीं. तें प्राणवायूशीं, म्हणजे शाळेंत ज्यास ऑक्सिजन म्हणतात त्याच्याशीं, संयोग पावून तांबड्या-काळ्या दगडाच्या रूपानें खाणींत पडलेलें असतें. भट्टींत तो दगड व कोळसा एकत्र तापवला म्हणजे कोळसा त्या प्राणवायूस आपल्याबरोबर वायुरूपानें घेऊन जातो, आणि लोखंड एकटें मागें उरतें. हा वियोग लोखंडास मानवत नाहीं. ओलावा आणि हवा मिळतांच तें पुन्हां प्राणवायूस जाऊन मिळतें. इतर धातूंचीहि गोष्ट हीच. परंतु सर्वांची ओढ सारखी नसते. ओढीच्या मानानें धातूंची पंगत मांडली तर सोडियम अगदीं वरच्या पाटावर बसेल, त्याखालीं ॲल्युमिनियम, मग जस्त, मग लोखंड, मग कथील, मग तांबें, मग चांदी, आणि सर्वांच्या शेवटीं, कोणाशींहि सहसा न बोलणारें असें सोनें.

बोरिवलीस उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या दारांतून आंत गेलें म्हणजे कान्हेरीचीं लेणीं दोन कोसांच्या आंतबाहेर आहेत. पाऊस नुकताच संपल्यामुळें रान दाट होतें. वाटेच्या कडेला जेथें जेथें डोंगर कापला आहे तेथें तेथें वर तांबडी माती आणि खालीं काळाभोर पाषाण दिसत होता. हा पाषाण म्हणजे फार प्राचीन काळीं पृथ्वीच्या पोटांतून आलेल्या तप्त रसाचा दगड. त्याच्या शंभर भागांत दहाहून अधिक भाग लोखंडाच्या प्राणवायु-संयुगांचे असतात. पावसाचें पाणी आणि हवा त्यांत शिरली कीं तें लोखंड आणखी प्राणवायु घेतें व तांबडें होतें. थोरल्या पुतण्यानें एक खडा फोडून दाखविला; आंत काळा आणि कडेला बोटाच्या पेराएवढी तांबूस साल. कोंकणांतील जी तांबडी माती आमच्या धोतरांवरून धुतां धुतां निघत नसे, ती म्हणजे गंजलेला डोंगरच होय, हें ऐकून वहिनींस मोठी गंमत वाटली. या डोंगराचें जुनें नांव कृष्णगिरि. त्यावरूनच कान्हेरी झालें.

अशा कठीण पाषाणांत शंभरांहून अधिक लेणीं कोरलीं गेलीं, तीं अर्थात् लोखंडाच्या छिन्नीनें. येथील दानलेखांत राजांपेक्षां व्यापाऱ्यांचीं व कारागिरांचीं नांवें अधिक आढळतात, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. त्यांत कल्याणच्या नंद नांवाच्या एका लोहारानें येथें वाट बांधविल्याचा उल्लेख आहे. लोहाराजवळ दान देण्याइतका पैसा असावा, यांत आश्चर्य तें काय? जेथें डोंगर पोखरावयाचा तेथें छिन्नीस धार लावणाऱ्याचा धंदा तेजींत असणारच. शुद्ध लोखंड मऊ असतें. त्याची छिन्नी या दगडावर चार घावांत बोथट होईल. त्यांत शंभर भागांस एक भागाहूनहि कमी असा कोळशाचा अंश मुरला म्हणजे त्याचें पोलाद होतें. तें लाल तापवून एकदम पाण्यांत बुडवावें, यास लोहार ‘पाणी देणें’ असें म्हणतात. तापलेल्या लोखंडांत कोळशाचे परमाणु ऐसपैस विरलेले असतात. हळू निवूं दिलें तर ते बाहेर निसटतात, एकाएकीं निवविलें तर आंतल्या आंत अडकून बसतात. त्या अडकलेल्या परमाणूंमुळें लोखंडाचे थर एकमेकांवरून सरकूं शकत नाहींत, आणि धातु कठीण होतो. परंतु तो ठिसूळहि होतो, म्हणून पुन्हां किंचित् तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. हें सारें कल्याणचा लोहार केवळ रंगावरून ओळखत असला पाहिजे.

थोरल्या चैत्यगृहासमोर आम्ही बराच वेळ बसलों. याच्याच पुढें एक मोठा स्तूप होता. डॉ. जेम्स बर्ड यांनीं तो १८३९ सालीं उकरला. त्यांत तांब्याचे दोन लहान कलश निघाले. एकांत रक्षा, एक माणिक, एक मोतीं, सोन्याचे कांहीं तुकडे आणि एक सोन्याची डबी. त्या डबींत वस्त्राचा तुकडा. दुसऱ्यांत रक्षा आणि एक चांदीची डबी. याखेरीज दोन ताम्रपट मिळाले. त्यांपैकीं एकावर त्रैकूटकांच्या शकाचें २४५ वें वर्ष नोंदलेलें आहे. म्हणजे इसवी सन ४९४ च्या सुमाराचें. सिंधुदेशाहून आलेल्या बुद्धरुचि नांवाच्या पुरुषानें सारिपुत्ताच्या स्मरणार्थ चैत्य उभारल्याचें त्यांत म्हटलें आहे.

साडेतेराशें वर्षें! दरवर्षीं शंभर इंचांच्या आसपास पाऊस, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तरीहि ताम्रपटावरील अक्षरें वाचतां येण्याजोगीं राहिलीं. सोन्याविषयीं प्रश्नच नाहीं. प्राणवायु त्यास स्पर्श करीत नाहीं, मिठाचें पाणी त्याचें कांहीं करूं शकत नाहीं. चांदीस प्राणवायूचें भय नाहीं, परंतु गंधकाशीं तिची गट्टी आहे. देवघरांतील निरांजनें व समया पुसून ठेवल्या तरी चार महिन्यांत काळवंडतात तें हवेंतील गंधकयुक्त वायूमुळें. पण तांबें? तें तर प्राणवायूशीं मिळतें, कर्बवायूशीं मिळतें, मिठाशीं मिळतें. तें कसें तगलें?

येथेंच आमच्या सगळ्या प्रवासाचें मर्म आहे. धातु संयोग पावतो कीं नाहीं यापेक्षां, संयोगानें जें पुट चढतें तें कसें आहे, यावर त्याचें आयुष्य ठरतें. तांब्यावर प्रथम लालसर पुट येतें, मग ओल व कर्बवायु मिळून त्यावर हिरवें पुट चढतें. खाणींत तांब्याचा जो हिरवा दगड मिळतो तोच हा पदार्थ. म्हणजे तांबेंहि माहेरच्या वाटेला लागतेंच. परंतु हें पुट अंगास घट्ट चिकटून बसतें आणि आंतल्या धातूकडे जाणारी हवा व पाणी बरेंचसें अडवून धरतें. ॲल्युमिनियमचें तर याहूनहि नवल. प्राणवायूची त्याला लोखंडाहून कितीतरी अधिक ओढ. पण हवेशीं गांठ पडतांच त्यावर डोळ्यांस न दिसणारें असें पातळ, निश्छिद्र पुट चढतें, आणि तेथेंच सारें थांबतें. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत व सच्छिद्र असतो. तो राखण करीत नाहीं; उलट ओल धरून ठेवतो, पापुद्र्यापापुद्र्यांनीं सुटतो, आणि खालचें नवें लोखंड पुन्हां उघडें पडतें.

तांब्याच्या या हिरव्या पुटाचा परिचय आमच्या वाचकभगिनींस आम्हीं करून द्यावा असें नाहीं. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यांत ताक राहिलें तर तें ‘कळकतें’, हें ज्या घरांत शास्त्राचें एकहि पुस्तक नव्हतें त्या घरांतल्या आजीलाहि ठाऊक होतें. ताक, चिंच, आमसूल यांतील अम्लानें हें पुट विरघळतें, तांब्याचा अंश अन्नांत उतरतो, आणि खाणाऱ्यास उलट्या होतात. तांब्यांत साधें पाणी ठेवावें, सार ठेवूं नये, एवढाच त्याचा अर्थ. याच गुणामुळें चिंचेनें घांसलें कीं भांडें लखलखतें. कल्हईवाला दारांत बसून जें करीत असे तेंहि पुटाचेंच शास्त्र होय. भांडें तापवून तो त्यांत नवसागराची पूड टाकी; पांढरा धूर निघे. उष्णतेनें नवसागर फुटून त्यांतलें अम्ल भांड्यावरचें जुनें पुट खाऊन टाकी, आणि उघड्या पडलेल्या तांब्यावर, कापसाच्या बोळ्यानें फिरवितांच, कथील चांदण्यासारखें पसरे. कथील २३२ अंशांवर वितळतें, म्हणून कल्हईचें भांडें रिकामें चुलीवर ठेवूं नये असा दंडक होता. जेथें कथील व तांबें एकमेकांस भेटतात तेथें त्या दोघांच्या संयोगाचा एक सूक्ष्म थर तयार होतो. म्हणूनच कल्हई रंगाप्रमाणें खरवडून निघत नाहीं. आज स्टीलच्या भांड्यांनीं कल्हईवाल्याचा धंदा बहुतेक बुडविला. त्या भांड्यांचें रहस्यहि हेंच आहे. लोखंडांत शंभर भागांस अकराच्या आसपास किंवा अधिक क्रोमियम मिसळलें कीं क्रोमियमचें निश्छिद्र पुट लोखंडास उसनें मिळतें.

डोंगर उतरतांना धाकट्या पुतण्यानें आपल्या प्रयोगशाळेंतील एक गंमत सांगितली. मोरचुदाच्या निळ्या पाण्यांत लोखंडी खिळा टाकला कीं थोड्याच वेळांत तो तांबूस दिसूं लागतो. मोरचुदांत तांबें संयुक्त स्थितींत असतें. लोखंडाची ओढ अधिक, म्हणून तें स्वतः पाण्यांत उतरतें आणि तांब्यास बाहेर ढकलतें. या देवघेवींत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो मोजतां येतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

बोरिवलीहून मुलुंडास जावयाचें तर मध्यें उद्यानाचा डोंगर आडवा येतो. आम्ही मोटारीनें दक्षिणेकडे वळसा घालून, जोगेश्वरीवरून विक्रोळीच्या रस्त्यास लागलों. वाटेंत अंधेरीचें सीप्झ लागतें. १९७३ सालीं निघालेल्या या वसाहतींत आतां दागिन्यांचे पुष्कळ कारखाने आहेत, आणि परदेशीं जाणारें सोनें येथें घडतें. वर आम्हीं सोन्यास अबोल म्हटलें खरें. पण तें प्राणवायूपुरतें. तांबें व चांदी यांच्याशीं तें वितळलेल्या स्थितींत अगदीं मनमोकळेपणानें मिसळतें. बावीस कॅरटच्या सोन्यांत हजारांतले ९१६ भाग सोनें असतें, उरलेले भाग बहुधा याच दोन धातूंचे. त्या पाहुण्यांवांचून बांगडी टिकावयाची नाहीं. चोवीस कॅरटची बांगडी हातानें वांकेल. काशाच्या वाटीचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. तांबें मऊ, कथील त्याहून मऊ. चार भाग तांबें व एक भाग कथील एकत्र करा, तर दगडावर पडून फुटेल इतका कठीण, आणि टिचकी मारतांच घुमेल असा धातु तयार होतो. परमाणूंच्या सरळ ओळींत निराळ्या आकाराचे परमाणु येऊन बसले कीं ओळी सरकेनाशा होतात. नंदाच्या छिन्नींत झालें तेंच हें. वसईच्या स्वारींतून आलेली म्हणून नाशकास नारोशंकराची जी घंटा प्रसिद्ध आहे, तिचा आवाजहि याच तऱ्हेच्या मिश्रणाचा.

पवईस १९५८ सालीं स्थापन झालेली आय. आय. टी. डावीकडे टाकून आम्ही पूर्वेच्या बाजूस आलों. भांडुप-मुलुंडच्या बाजूनें तानसाच्या पाण्याचे प्रचंड नळ जमिनीवरून गेलेले दिसतात. तानसाचें पाणी मुंबईस १८९२ पासून मिळूं लागलें. त्याआधीं विहारचें १८६० पासून आणि तुळशीचें १८७९ पासून. मुंबई लोखंडाच्या नळांतून पाणी पिते, असें म्हटलें तरी चालेल. आणि या नळांच्या पलीकडे, खाडीच्या कांठानें, मिठागरांच्या जमिनी पसरल्या आहेत. मीठ म्हणजेहि एका धातूचाच संयोग. सोडियम हा सुरीनें कापतां येईल असा मऊ धातु, पाण्यांत पडतांच फुरफुरत पेट घेणारा. क्लोरीन हा छातींत गेला तर जीव घेणारा पिवळट-हिरवा वायु. दोघांचा संयोग झाला कीं त्यांचा मूळ स्वभाव नाहींसा होतो, आणि जें उरतें त्यावांचून आमटी अळणी लागते! मात्र लोखंडाशीं मिठाचें वैर आहे. मीठ ओल धरतें, पाण्यांतून वीज सहज वाहूं देतें, आणि लोखंडावर एखादें चांगलें पुट असलेंच तर त्यास भोंकें पाडतें.

त्या वैराचा प्रत्यय आम्हांस मुलुंडास मामांच्या घरीं आला. त्यांची इमारत पन्नाशीच्या घरांतली, तीन मजली, सिमेंटकाँक्रीटची. मामा-मामी तेथें लग्नानंतर चार वर्षांनीं आलीं तीं तेथेंच म्हातारीं झालीं. वरून पाहतां इमारत ठाकठीक, नुकताच रंगहि दिलेला. परंतु स्वयंपाकघराच्या छताचा ताटाएवढा पोपडा दोन महिन्यांपूर्वीं रात्रीं ओट्यावर कोसळला. मामी नेमक्या त्या वेळीं तेथें नव्हत्या, म्हणूनच केवळ बचावल्या. आंतली सळई उघडी पडली आहे. ती काळी दिसावयाची ती तांबडी, आणि पापुद्रे सुटलेली.

काँक्रीटमधील लोखंड वास्तविक गंजावयास नको. सिमेंट भिजलें म्हणजे त्यांत चुना निर्माण होतो, आणि चुन्याच्या सहवासांत लोखंडावरहि तांब्यासारखें घट्ट व राखण करणारें पुट चढतें. जन्मभर ज्यास चांगलें पुट जमलें नाहीं त्या लोखंडास तें येथें मिळतें. परंतु हवेंतला कर्बवायु वर्षानुवर्षें काँक्रीटमध्यें मुरत जातो आणि चुना निःसत्त्व करितो; किंवा ज्या काळीं ही इमारत उठली त्या काळीं वाळू न धुतां वापरली असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासून आंतच बसलेलें असतें. पुट फुटलें कीं गंज सुरू. आणि गंज लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती त्यास काँक्रीटमध्यें कोठून मिळणार? तो काँक्रीटच फोडतो. बाहेरून प्लॅस्टर व रंग देणें म्हणजे तापानें फणफणलेल्या माणसाच्या तोंडास पावडर लावणें आहे, हें आमचें स्पष्ट मत आहे. आणि सोसायटीचे पैसे नेमके तेथेंच खर्ची पडतात.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमान्वयें तीस वर्षांहून जुन्या इमारतींची तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते. मामांच्या सोसायटींत ती दोन वर्षें लांबली होती. कांहींच्या मतें दुरुस्ती पुरे. कांहींना पाडून नवी बांधावयास हवी, कारण नव्या इमारतींत जागा वाढेल. मामांचें म्हणणें निराळेंच. ते म्हणाले, “माझें वय अठ्ठ्याहत्तर. तीन वर्षें भाड्याच्या घरांत काढायचीं, आणि मग परत यायचें कीं नाहीं हें कोणीं सांगावें?” यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

आम्ही पोहोंचलों तेव्हां तपासणीचा तरुण इंजिनिअर योगायोगानें वरच होता. त्यानें छताच्या एका ताज्या खळग्यांत औषधाचे थेंब टाकले. जेथें चुना जिवंत तेथें गुलाबी रंग आला, बाहेरच्या भागांत आला नाहीं; आणि गुलाबी रेघ सळईच्या पलीकडे सरकली होती. नंतर त्यानें एक नळी काढली. तिच्यांत निळें पाणी, निळ्या पाण्यांत तांब्याची कांडी, आणि तळाशीं सच्छिद्र बूच. धाकटा पुतण्या चटकन् म्हणाला, “मोरचूद!” एक तार उघड्या सळईला, दुसरी त्या कांडीला, मध्यें मोजमापाचें यंत्र, छताचा चौकोन ओला करून तेथें नळी टेकवावयाची आणि आंकडा वाचावयाचा. न फोडतां, न उकरतां, आंतलें लोखंड कोणत्या स्थितींत आहे हें त्यावरून कळतें. उणें २०० पर्यंत बहुधा ठीक. उणें ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलें कीं गंज चालू असण्याचा संभव शेंकडा नव्वदांहून अधिक. मधलें सारें संशयित.

स्वयंपाकघरांत आंकडे आले उणें ३८०, उणें ४१०, उणें ३९५. देवघराच्या कोपऱ्यांत मात्र उणें १६०.

मामी खालीं पाटावर बसून हें सारें पाहत होत्या. त्यांनीं विचारलें, “म्हणजे देवघर बरें आहे ना रे बाळा?”

“तो कोपरा चांगला आहे, आजी,” तो म्हणाला, “पण स्लॅब एकच आहे.”

लेखी अहवाल पंधरा दिवसांनीं यावयाचा होता. तोंवर स्वयंपाकघराच्या माळ्यावर वजन ठेवूं नका, तो आजच रिकामा करा, एवढें सांगून तो खालच्या मजल्यावर गेला. माळ्यावर मामींच्या सासूबाईंच्या वेळचीं तांब्यापितळेचीं भांडीं होतीं: दोन घंगाळें, एक बंब, तीन हंडे आणि कांहीं लहानमोठीं पातेलीं. पुतण्यांनीं वर चढून तीं एकेक खालीं दिलीं, आणि वहिनी व आम्ही तीं हातोहात घेऊन बाहेरच्या खोलींत भिंतीशीं मांडूं लागलों.